मधलं पाणी

लुआन मास्तरांची शाळा बंद पडली ती पोरं संपली म्हणून. गावात आता आम्ही म्हातारेच उरलोत, आंबवलेल्या कोबीच्या रांजणांसारखे, ज्याच्या त्याच्या अंगणात एकेकटे. पण मास्तरांची खोड काही गेली नाही. नववर्षाला शहरातून कुणाची नातवंडं आली, की बर्फाचे दिवे करायला अंगणात बोलवायचे.

बादलीत बीटाचं लाल पाणी भरून रात्रभर बाहेर ठेवायचं. सकाळी कडेकडेनं बर्फ धरलेला असतो, मध्ये पाणीच. वरचा पापुद्रा फोडून ते ओतलं की मेणबत्तीला जागा होते. "बर्फ बाहेरून आत का जातो रे?" मास्तर विचारायचे, पोरं काहीबाही ठोकून द्यायची.

मास्तरांना मूलबाळ नाही. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला ज्याच्या थडग्यावर दिवा नाही, त्याच्यामागे कुणी नाही, असं आमच्याकडे धरतात. म्हणून बायकोच्या थडग्यावर ते पोरांच्या हातचाच दिवा ठेवायचे.

यंदा एकटी माझी नात रुईछी आली. तिनं बादली भरली, रंग कालवला, "सकाळी येते हं, आजोबा," मास्तरांना म्हणाली. पण बर्फ पडून रस्ता बंद होईल या धास्तीनं माझ्या मुलानं पहाटेच झोपलेली पोर उचलून गाडीत घातली नि दालियानला नेली. मला राग आला. पण शहरात राहणाऱ्या मुलापुढं आईचं काय चालतं?

मी मास्तरांकडे गेले. "पोर गेली हो. तुम्हीच ओता ते पाणी."

"ते काम तिचं, वहिनी. रस्त्यात अडकले तर परत फिरतील."

"फिरतायत! आणि बर्फ काय तोवर तुमची वाट बघत बसणार?"

मास्तर हसले, पण बादलीला हात लावला नाही. दोन दिवसांत सगळं पाणी गोठलं. बादली तडकली, आत नुसता ठोकळा.

पौर्णिमेला संध्याकाळी तो ठोकळा घसरगाडीवर घालून त्यांनी टेकडीवर, बायकोच्या थडग्यापाशी ओढत नेला. मेणबत्ती आत ठेवायला जागाच नव्हती. वर ठेवली की वारा विझवायचा. पुन्हा लावायचे, पुन्हा विझायची. मला ते बघवेना.

शेजारीच माझ्या नवऱ्याचं थडगं. तिथला पेटलेला कंदील मी उचलला नि मास्तरांच्या ठोकळ्यामागे टेकवला. "जन्मात कुणाला काही दिलं नाही त्यानं. आता देऊ दे थोडं."

ठोकळा उजळला. कडा काचेसारख्या स्वच्छ, आणि सगळा लाल रंग मधोमध गोळा झालेला, गडद.

मास्तर गुडघे टेकून बघत राहिले. "बर्फ रंगाला आत आत ढकलतो, वहिनी. शेवटच्या पाण्यात तो सगळा साठतो. आणि ते पाणी आपण दर वर्षी ओतून टाकत आलो." हातमोजा काढून त्यांनी बर्फावर हात ठेवला. "पोरांना हे दाखवायचं राहूनच गेलं. पुढच्या वर्षी एक बादली न ओतता ठेवू."

कुठल्या पोरांना, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "ठेवू."