बोटभर पिल्लू

गेरू पाण्यात कालवला की त्या ओल्या मातकट वासाने मला आजही आईची नागपंचमी आठवते. किल्लारीच्या नव्या गावातल्या घरात आई पंचमीला गेरूने भिंतीवर नागोबा, नागीण आणि त्यांची पिल्लं काढायची, आणि एकेका पिल्लाला आमचं नाव घालून एकेक ओळ गायची. आमची पिल्लं दरवर्षी थोडी लांब व्हायची. आम्ही दोघीच बहिणी, मी थोरली. पण भिंतीवर पिल्लं तीन असायची आणि तिसरं कायम बोटभरच. त्याच्या वेळी आई नुसती गुणगुणायची, शब्द नसायचे. आठव्या वर्षी मला ते फारच खुपायला लागलं. आई लाह्या आणायला आत गेली तेव्हा मला राहवेना. ती चुकलीय असं वाटून मी परकराचा काठ ओला केला आणि ते जास्तीचं पिल्लू पुसून टाकलं. आई बाहेर आली आणि दारातच थबकली. "त्याला कामून पुसलंस गं?" मी म्हणाले, "आमी दोघीच तर हाव की." "तुझ्या आधीचा हाय त्यो. भूकंपात गेला. सा म्हयन्याचा व्हता." मग तिनं गेरूत बोट बुडवलं, त्याच लाल डागावर तेवढंच पिल्लू पुन्हा काढलं आणि पहिल्यांदा त्याची ओळ नाव घालून गायली. आता आई नाही. लातूरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या टाइल्सवर मी पंचमी काढते, तेव्हा नागोबाच्याही आधी ते बोटभर पिल्लू काढते. त्याचं नाव तोंडातून निघेपर्यंत हाताला चैन पडत नाही.