सिंधूमावशी आणि उंबऱ्याच्या आतली मराठी

आमच्या कॉलनीत अशी अफवा आहे की आगाशेंच्या सिंधूमावशींना हिंदी येतच नाही. तेवीस वर्षं भोपाळात काढली, पण बिचारीला 'पानी दो' म्हणता येत नाही, असं बरखेड्यापासून सोनागिरीपर्यंत बायका एकमेकींना सांगतात आणि हळहळतात.

हे साफ खोटं आहे. मावशींची हिंदी ज्याला ऐकायची असेल त्याने शनिवारच्या बाजारात भेंडीवाल्याच्या बाजूला उभं राहावं. "भैया, ये भिंडी है कि बांस? मकान बनाना है क्या मुझे?" भेंडीवाला दोन मिनिटांत भाव उतरवतो आणि वर कोथिंबीर देतो. बँकेत, कारखान्याच्या दवाखान्यात, बसमध्ये, सगळीकडे मावशी धडाधड हिंदी बोलतात. फक्त घराच्या उंबऱ्याच्या आत नाही, आणि मराठी माणसाशी तर कुठेच नाही.

यजमानांना, म्हणजे काशिनाथकाकांना, कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मावशी वाईहून लग्न करून इथे आल्या. क्वार्टरच्या एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला पंजाबी, वरच्या मजल्यावर बंगाली. प्रत्येकाचं एकेक मंडळ, प्रत्येक मंडळाची एकच तक्रार: पोरं हिंदी बोलतात. बाकीच्यांनी तक्रार करून चहा प्यायला. मावशींनी चहा प्यायला आणि कायदा केला.

कायदा असा. गणपतीतल्या मराठी नाटकाच्या तालमी मावशींच्या व्हरांड्यात होतात. तिथे जो हिंदी वाक्य बोलेल त्याने एक नारळ खवायचा. विळी तयार, नारळ तयार. शब्द चालतो, वाक्य नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "शब्द पाहुणा असतो रे. वाक्य आलं की बिऱ्हाड थाटतं." कारखान्याची शिस्त जगप्रसिद्ध असेल, पण मंडळाचे एकशे एक उकडीचे मोदक दरवर्षी आमच्या हिंदीवर होतात, हे उत्पादन कुठल्याही अहवालात येत नाही.

नाटकही मावशीच लिहितात. दरवर्षी नवीन. दरवर्षी लग्न मोडतं, सासरे रुसतात, आणि शेवटी सगळे गणपतीच्या पाया पडतात. प्रॉम्प्टिंगही त्यांचंच, आणि ते इतकं खणखणीत की तिसऱ्या रांगेतले लोक नटाच्या आधी हसतात.

यंदा श्रावणातल्या बैठकीत मंडळाचे सेक्रेटरी दिगंबरकाका उठले. आधी घसा साफ केला, मग चष्मा, मग पुन्हा घसा. (ह्याची नक्कल मी फार छान करतो, परवा त्यांच्याच मुलीने मला "बाबा" म्हणून हाक मारली.) म्हणाले, "हॉलमध्ये दोनशे खुर्च्या. माणसं साठ. यंदा नाटक हिंदीत करावं, म्हणजे शेजारीपाजारीही येतील." आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्या माझ्या.

मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "करा की. मग मंडळाच्या पाटीवरचं 'महाराष्ट्र'ही पुसा. रंग मी देते."

दिगंबरकाकांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मावशींचा अरविंद ह्याच व्हरांड्यात मोठा झाला, आता कानपूरला असतो आणि आईला पत्र हिंदीत लिहितो. मावशी ते काशिनाथकाकांना मोठ्याने वाचून दाखवतात, मराठीत. ही गोष्ट कॉलनीला ठाऊक आहे आणि तेवढ्या एकाच विषयावर कॉलनी गप्प बसते.

शेवटी ठरलं, जे काम करणार त्यांनीच ठरवावं. नटांचा इतका सुकाळ की तीन भूमिका माझ्याकडे, म्हणजे ठरवणारा मीच. मी मोठ्या उदारपणे मावशींकडे गेलो.

"मावशी, पैज. आठ दिवसांत तुमच्या तोंडून माझ्याशी एक हिंदी वाक्य काढतो. काढलं तर नाटक हिंदीत."

"आणि नाही निघालं तर?"

"तिन्ही भूमिका मराठीत."

"प्रॉम्प्टिंगशिवाय," मावशी म्हणाल्या. "विंगेत मी स्वेटर विणत बसेन."

सहा दिवस मी त्यांच्याशी अस्सल भोपाळी बोललो. "क्या कर रिये हो, मावशी? काँ जा रिये हो?" मावशी म्हणायच्या, "दळण आणायला. चल, डबा धर." सहा दिवसांत मी चार डबे वाहिले आणि नऊ नारळ खवले.

सातव्या दिवशी हुकमी पत्ता काढला. आयुष्यात प्रथमच सहाला उठलो आणि मावशींच्या बंद दाराबाहेर उभा राहून दूधवाल्या हरप्रसादचा आवाज काढला. घोगरा, नाकातून, वर थोडा खोकला. "अम्माऽ, दूध ले लो! देर हो रई है!" आता ही बाई आतून "आ रही हूँ" म्हणणार, की संपलं.

आत भांडं वाजलं. मग मावशींचा आवाज आला, "उदय, बाहेर का उभा? आत ये. आलं घातलंय चहात."

मी बाहेरूनच विचारलं, "कसं ओळखलंत?"

उत्तर मागून आलं, सायकलच्या घंटीबरोबर. खरा हरप्रसाद कॅन उतरवत होता. "मावशी, भांडा आणा! आज म्हैसने लात मारली, दूध थोडा कमी आहे."

मी त्याच्याकडे वळलो. "तुम मराठी बोलते हो?"

"अकरा साल झाले, भैया. उंबऱ्याच्या आत मावशी हिंदीत दूध घेतच नाय. काय करणार?" मग माझ्याकडे जरा दयेने बघून म्हणाला, "आवाज एकदम बरोबर काढला तू. पण असं मी इथे कधी बोलतच नाय ना."

मावशींनी दूध मोजून घेतलं. "हरप्रसाद, ह्याचं नाटक गणपतीच्या सातव्या दिवशी आहे."

"माहीत आहे. दर साल पुढच्या रांगेत असतो मी," तो म्हणाला, आणि मला विचारलं, "यंदा तू सासरा का?"

सासरा, सासऱ्याचा भाऊ आणि भटजी. मावशींनी दुधाचं भांडं आत ठेवलं आणि वही आणून माझ्या हातात दिली. सासऱ्याचीच एकवीस पानं होती, आणि पैज मी एक दिवस शिल्लक असताना हरलो होतो.