थरथर कुठून येते

पायांनी ऐकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सुप्याला त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. शाळेचे गणवेश शिवण्यात हयात घालवलेल्या या माणसाने मागच्या वर्षी एकाएकी माईक विकत घेतला आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं मला कळेनासं झालं. माईक घेण्याचं कारण मात्र कळत होतं. माझ्या धाकट्या मेव्हणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, घशात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज कसा येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत ती गायला लागली की मागच्या बाकावरची वांड पोरंसुद्धा गप्प बसतात. तो आवाज साडूंना आधी टिपून ठेवायचा होता.

पण टिपायला जावं तर दरवेळी गाण्याखाली एक थरथर ऐकू यायची. मी म्हटलं, रस्त्यावरच्या ट्रकची असेल, खिडकी लावून घ्या. काज चुकलेल्या शर्टाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पाव्हणं, ह्ये हवेतून येत न्हाई, खालून येतंय. पलीकडच्या वर्कशॉपातलं प्रेस मशीन फरशीला हानतं, फरशी टेबलाला आन् टेबल माईकला." मग मला चप्पल काढून फरशीवर उभं केलं. "लागतंय का पायाला?" मला गारव्याशिवाय काही लागलं नाही, पण साडूंचा मान राखायचा म्हणून मी "व्हय" म्हणालो. तिथेच फसलो. त्या दिवसापासून त्यांनी मला जाणकारांत धरलं आणि प्रत्येक प्रयोगाला बोलावणं येऊ लागलं. माईकखाली गोधडी घातली. थरथर कमी झाली, गेली नाही. फ्रिज बंद केला, दूध नासलं. ताणलेल्या वायरीतूनही म्हणे ती माईकला चढते, म्हणून वायरीला सैल वेटोळं दिलं आणि त्यात मीच अडकून पडलो. बसल्या जागी पाय हलवायची मला सवय, तर "पाय आवरा, माईकला कळतंय!" म्हणून ओरडले. शेवटी त्यांनी घरातली पिठाची चाळण घेतली, जाळी कापून काढली, उरलेलं कडं स्टुलावर उभं बांधलं आणि चड्डीच्या इलास्टिकने माईक त्याच्या मधोमध टांगला. "आता समदा धक्का इलास्टिक खाईल." पीठ कशाने चाळायचं, हे मेव्हणीने विचारलं नाही. कमी बोला, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वर्कशॉपला सुट्टी होती. मेव्हणी समोर येऊन बसली. "एकदाच म्हनीन. परत म्हन म्हनू नका." डोळे मिटून तिने गाणं सुरू केलं आणि पहिल्याच कडव्यात इलास्टिक सटकलं. साडूंनी माईक वरच्या वर झेलला. तिला थांबवायची सोय नव्हती. ते तसेच गुडघ्यांवर बसले आणि गाणं संपेपर्यंत माईक तिच्यापुढे धरून राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. मेव्हणी आता बोलते. आवाज बसका आहे, गाता मात्र येत नाही. साडू ते गाणं लावतात आणि कपाळाला हात लावून बसतात, कारण खाली थरथर आहेच. "मशीन बंद, फ्रिज बंद, तुमी पाय आवरून बसलेले. मंग आली कुठून?" मला तरी कुठे ठाऊक होतं! कॉम्प्युटरवर ती काढून टाकता येते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. परवा मी गेलो तेव्हा ते त्याच तयारीत होते.

मेव्हणी चहा घेऊन आली. कप खाली ठेवून म्हणाली, "काढू नका. मी मधीच डोळं उघडून बघितलं हुतं. तुमचा हात कापत हुता."

साडूंनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी चहाचा कप तोंडाला लावला. मेव्हणी नवऱ्याशेजारी बसली होती आणि गाण्याबरोबर तिचे नुसते ओठ हलत होते.