इन्ना लिल्लाहि मी म्हणाले

"हिचा हात नको. दुसरीला बोलवा. तोंड परत धुवा."

पेशंट आजींचा थोरला मुलगा हे म्हणाला तेव्हा ओला रुमाल माझ्या हातातच होता. आजी नुकत्याच गेल्या होत्या. भरदुपारचा वॉर्ड, सगळ्या खाटांवरून लोक बघत होते. मी आजींचे डोळे मिटवले, हनुवटीखालून पट्टी बांधली, तोंड पुसलं. पुसता पुसता माझ्या तोंडून निघालं, "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन." हळूच म्हणाले. पण त्याने ऐकलं.

"काय वाचलं आमच्या मायवर? कलमा वाचला का?"

दवाखान्यातली दुसरी मावशी आली. तिने माझी पट्टी सोडली आणि नवी बांधली. मी पुसलेलं तोंड तिने गंगाजलाने परत धुतलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी भिंतीला लागून उभी होते आणि रुमालाचं पाणी माझ्याच पायावर गळत होतं.

हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी मावशी आहे. निदान त्या दिवसापर्यंत होते. मावशी म्हणजे झाडू, फडकं, बेडपॅन, पेशंटची कूस बदलणं. आजी सेनगावकडच्या. लकवा मारून आल्या, महिनाभर राहिल्या. त्यांचं हगणंमुतणं मी ह्याच हातांनी काढलं. तेव्हा हात कुणाचा हे थोरल्याने विचारलं नाही. नाकाला रुमाल लावून तो बाहेर चहाला जायचा. जाताना म्हणायचा, "मावशी, जरा बघा." गरज सरो, वैद्य मरो. वैद्याचं तरी बरं, त्याला फी मिळते.

त्या शब्दांचा अर्थ साधा आहे. आम्ही अल्लाहचे, आणि आम्हाला परत त्याच्याकडेच जायचं आहे. मयतीची खबर आली की आमच्यात हे म्हणतात. पण फक्त मयतीलाच नाही. माझी अम्मी कपबशी फुटली तरी म्हणायची. शेळी मेली तेव्हा म्हणाली, अब्बा गेले तेव्हाही हेच म्हणाली. नुकसान लहान असो की मोठं, शब्द तेच. ज्याचं गेलं त्याने म्हणायचं. आकांत करायच्या आधी हे म्हटलं की जीव थोडा थाऱ्यावर राहतो, एवढंच.

एकदा वॉर्डातली लाइट गेली आणि मी सवयीने तेच म्हणाले. आजींचं तोंड वाकडं झालेलं, तरी त्या हसल्या. म्हणाल्या, "लाइट बी मेली का गं?" त्यांची लेक जवळच बसली होती. तिने अर्थ विचारला, मी सांगितला. आजी म्हणाल्या, "बराबर हाय. आलं तिथंच जायाचं." मग आम्ही तिघीही हसलो.

ती लेक त्या दुपारी खाटेच्या पायथ्याशीच उभी होती. भाऊ ओरडत होता, काय वाचलं, काय वाचलं. मी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं. ती आईच्या पायावरची चादर नीट करत राहिली. भावाने मला चार लोकांदेखत धुऊन काढलं, पण मला रडू आलं ते तिच्यामुळे.

डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "गावची माणसं जमलीत बाहेर. दोन शब्द माफीचे बोल आणि मोकळी हो. अन् इथून पुढं हे घरी म्हणायचं. मावशी, पेशंट येतात, जातात. त्यात आपलं कोणी नसतं."

आपलं कोणी नसतं. तिथे मला उमगलं, माफी कशाची हवी आहे. आजी माझ्याच हातून पेज पीत. लेकीने चमचा धरला तर तोंड फिरवत. सकाळी मला बघितलं की म्हणत, "आली का गं माही?" माही म्हणजे माझी. त्या गेल्या तेव्हा माझंही काही गेलं. गेलं म्हणून म्हणाले. माफी मागणं म्हणजे चारचौघांत कबूल करणं, की माझं काही गेलं नाही, मी फक्त बेडपॅन धुणारी.

मी म्हणाले, "न्हाई मागत. त्यांची माय गेली, मह्याबी जीवाचं गेलं. म्हणून म्हणले. शिवी दिली न्हाई."

"मग माफी मागायची तेव्हाच ये कामाला," डॉक्टर म्हणाले.

घरी आले तर बातमी आधीच पोचलेली, नणंद दारातच. "उनके वास्ते काय कू बोली तू? वो अपने लोगां हैं क्या?" म्हणजे तिकडचा मुलगा विचारतो, आमच्या मायवर का म्हणालीस. इकडची नणंद विचारते, त्यांच्या मायवर का म्हणालीस. दोघांचा सवाल एकच. एका म्हातारीसाठी जीव तुटला, हे दोन्हीकडे कुणाला पटेना. मी चुलीपाशी बसले आणि तिथे पहिल्यांदा आजींसाठी पोटभर रडले.

नवरा रिक्षा चालवतो. रिकाम्या हाताने घरी बसलेली बायको त्यालाही परवडत नाही. जेवताना म्हणाला, "सॉरी बोल दे. क्या जाता अपना?"

काय जातं ते त्याला सांगून कळलं नसतं. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

आज सकाळी ती दुसरी मावशी निरोप घेऊन आली. डॉक्टर म्हणतात, गर्दी गेली, गाववाले गेले, आता माझ्या एकट्यापुढे माफी माग आणि काम सुरू कर. ती अजूनही माझ्याकडे बघत नव्हती. मी तिला बसवलं, चहा दिला.

मग म्हणाले, "सांग त्यायला. कामाला येते, माफीला येत न्हाई. अन् मह्या हातावर माणूस गेलं, तं म्या म्हणणार. आता हळू बी म्हणणार न्हाई."