गोवंडीची कोठी हिरवी आहे

सकाळचे अकरा. अंधेरी पूर्व. काचेच्या इमारतीचा सातवा मजला, आणि एसी इतका की माणसांनी घरून शाली आणाव्यात.

आमच्या धंद्यात बातमी छापून होते आणि संपते. जी छापता येत नाही ती किस्सा होऊन डोक्यात बसते. उपनगरं कव्हर करता करता माझे केस पांढरे झाले, डोक्यात आता पाय ठेवायला जागा नाही. तरी एकाच प्रकल्पाने एवढे किस्से दिले, असं पूर्वी झालं नव्हतं. त्यातलं निम्मं मला अजून कळलेलं नाही!

तर, सातवा मजला. पत्रकार परिषद. विषय, अन्नसुरक्षा आणि इंटरनेटला जोडलेली उपकरणं यांच्यातला दुवा. गरजूंना धान्य पुरवणाऱ्या एका संस्थेच्या संशोधनप्रमुख डॉ. केतकी यांनी पत्र्याची एक कोठी टेबलावर ठेवली. तळाला वजन कळणारा सेन्सर, झाकणाला दुसरा, आत सिमकार्ड.

"धान्य संपलं की कोठी स्वतः आमच्या गोदामाला कळवेल. गाडी निघेल. मध्ये माणूसच नाही!"

"आणि माणसाला भूक लागली तर?" मी विचारलं.

"तो डेटा पुढच्या टप्प्यात."

टाळ्या झाल्या. बाहेर आले तर ट्रे रिकामा. अन्नसुरक्षेच्या परिषदेत समोसे संपले होते, आणि ते कुणी कुणाला कळवलं नव्हतं!

*

पहिली कोठी बोरीवलीच्या एका सोसायटीत बसवली. "खात्यापित्या घरांचाही नमुना लागतो," असं डॉ. केतकींचं म्हणणं. तिथल्या महिला मंडळाने तीत गहू भरले.

मे महिना आला. बायकांनी दरवर्षीसारखे गहू काढून गच्चीवर उन्हात टाकले, नाहीतर किडे होतात. कोठीने गोदामाला कळवलं, संपले! संध्याकाळी गव्हाची गाडी दारात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा गाडी.

मी गेले तेव्हा जिन्याखाली पोतीच पोती, आणि त्यांच्यावर हताश बसलेले सेक्रेटरीकाका.

"अहो, परत पाठवा की!"

"कसे पाठवू? ड्रायव्हर म्हणतो, मोबाईलवर 'पोचलं'चं बटण आहे, 'परत'चं नाहीच!"

*

मढच्या कोळीवाड्यात कोठीऐवजी सुक्या मासळीचा डबा होता, बेनीमावशींच्या ओटीवर. काही दिवसांत डॉ. केतकींनी मला फोन करून गंभीर आवाजात सांगितलं, "मढमध्ये अन्नाबाबत तीव्र अस्वस्थता आहे. डबा दिवसभर उघडला जातोय."

मी धावत मढ गाठलं. मावशी मजेत लसूण सोलत होत्या.

"मी कशाला अस्वस्थ? घर सिरियलवाल्यांना भाड्याने दिलं होतं. त्या हिरोला डबा उघडून रडायचं होतं, आणि मेल्याला रडूच येईना!"

मी हे डॉ. केतकींना कळवलं.

"तरी झाकणाचा सेन्सर उत्तम चालतोय," त्या म्हणाल्या.

*

इथवर हसले. गोवंडीत हसू आलं नाही.

कचऱ्याच्या डंपिंगच्या बाजूच्या गल्लीत संगीताताई बालवाडी चालवतात. जालन्याकडच्या, तिखट बाई. दुपारी पोरांना खिचडी घालतात, आणि बऱ्याच पोरांचं ते दिवसाचं पहिलं जेवण. तांदूळ पूर्वी दर महिन्याला याच संस्थेची गाडी आणून टाकायची. आता गाडी कोठीच्या हुकमाने निघणार होती.

निघालीच नाही. खिचडी पातळ झाली, मग पेज झाली. ताई घरचे तांदूळ घालू लागल्या. शेवटी मी प्रकल्पाच्या इंजिनीअरला, निशांतला, ओढून तिथे नेलं.

"कोठी तर दाखवते, तांदूळ आहेत," तो म्हणाला.

मी झाकण उघडलं. तळाला मूठभर तांदूळ.

"ताई, हे कशाला ठेवलेत?"

"आवो, कोठी कधी साफ रिकामी करतात का? मूठभर ठेवायचेच असतात. माझी आई दुष्काळात पण ठेवायची."

"ताई, झीरो झाल्याशिवाय गाडी निघत नाही!" निशांत रडकुंडीला आला.

"मग तुझ्या मशीनला सांग, मूठ म्हंजे झीरो."

"तसं नाही सांगता येत ना, यार!"

"यार कुणाला म्हणतो रे?"

मीच तडकले. "ताई, काढा ती मूठ! तुमचा नेम मोठा की पोरं?"

ताईंनी कोठीत हात घातला. मूठ काढून पदराच्या टोकाला बांधली आणि कोठीला हात जोडले.

झीरो झालं! आणि बोरीवलीनंतर शहाण्या झालेल्या सिस्टिमने निष्कर्ष काढला, धान्य शिजवायच्या वेळेला काढलेलं नाही, अर्थात सेन्सर बिघडला. गाडीऐवजी मेकॅनिक आला आणि दुरुस्तीसाठी कोठीच उचलून घेऊन गेला.

ताई माझ्याकडे वळल्या. "मूठ होती तोवर कोठी तरी होती, पत्रकारबाई."

*

दुसऱ्या आठवड्यात मी भांडायलाच सातव्या मजल्यावर गेले. कोठी निशांतच्या टेबलाखाली पडलेली, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली, झाकणावर कुणाचं तरी हेल्मेट. समोर भिंतीवर मोठ्या स्क्रीनवर उपनगरांचा नकाशा. गोवंडीचा ठिपका हिरवागार.

"हिरवा म्हणजे काय रे?"

"तांदूळ पुरेसे आहेत."

"कुठल्या कोठीत? कोठी तुझ्या पायाशी आहे!"

निशांतने खाली पाहिलं. वर पाहिलं. डॉ. केतकींना बोलावलं. त्यांनीही खाली पाहिलं, वर पाहिलं.

"जुना आकडा अडकला असेल," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम, रोज बदलतोय. रोज दुपारी झाकण उघडतं, तांदूळ थोडे कमी होतात. परवा खिचडीच्या वेळेला झीरो पण झालं. गाडी गेली."

"कुठे गेली?" मी ओरडले.

"गोवंडीला. ड्रायव्हरने 'पोचलं' दाबलंय."

तिथूनच संगीताताईंना फोन लावला, स्पीकरवर. मागे पोरांचा गलका.

"गाडी? कसली गाडी? घरचे शेवटचे तांदूळ धुतेय मी. पदरातली मूठ पण त्यातच टाकली आज."

निशांतने स्पीकर बंद केला. डॉ. केतकी म्हणाल्या, तपासून सांगते. ड्रायव्हर म्हणाला, नकाशा दाखवेल तिथे गेलो. गोदाम म्हणालं, कोठीने मागितले, आम्ही दिले. कोठीच्या जागी नवी कोठी मागायला ताईंनी अर्ज केला, तर उत्तर आलं, तुमच्याकडे एक चालू कोठी आहे!

आज मी पुन्हा सातव्या मजल्यावर उभी होते. कोठी टेबलाखालीच होती, बॅटरी बाजूलाच. बाराच्या सुमाराला भिंतीवर गोवंडीचं झाकण उघडलं, तांदूळ थोडे कमी झाले, आणि झाकण बंद झालं.