धानाच्या गोदामातली शर्यत

बपेऱ्याच्या थांब्यावर आम्ही उजाडायच्या आधी जाऊन उभे राहिलो आणि एस.टी. आली ती ऊन चांगलं पाठीवर आल्यावर. आम्ही म्हणजे मी, माझी नात कौशी आणि तिच्या शाळेचे पीटीचे भोयर मास्तर. मास्तर दर थोड्या वेळाने रस्त्यावर जाऊन वाकून पाहत होते. वाकल्याने गाडी लवकर येत असती तर मीही वाकले असते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तुमसरला दरवर्षी हायस्कूलच्या मुलामुलींचे सामने होतात, धावण्याचे आणि उड्यांचे. कौशी धावण्यात आमच्या शाळेत पहिली. पण शाळेत बाई शिक्षिका नाही, आणि मुलीला परगावी न्यायचं तर सोबत बाईमाणूस लागतं. सून बाळंतीण होती. म्हणून मी. घरात कोणी मला विचारलं नाही. माझं लुगडं धुऊन ठेवलेलं दिसलं तेव्हा मला कळलं.

कौशी दहावीत होती. पुढे आमच्या गावात वर्ग नाही, म्हणजे शर्यतही नाही. तिच्या बापाने, माझ्या मुलाने, सांगितलं होतं, "पहिल्या दोघींत आली तं नागपूरले जा. नाई आली तं पुस्तक धर." पहिल्या दोघींना नागपूरच्या मोठ्या सामन्यांना नेतात. तिने नागपूर पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं, पण माझं त्यावाचून अडलं नव्हतं.

सिहोऱ्यापर्यंत गाडी बरी चालली. पुढे रस्ताभर धानाच्या बंड्या (बैलगाड्या). मळणी उरकलेली, ज्याला त्याला धान तुमसरच्या बाजारात न्यायचं होतं. ड्रायव्हर भोंगा वाजवी, बैल ऐकत नसत. कापलेल्या बांध्यांत (धानाच्या शेतांत) लाखोळी (लाखेच्या डाळीचं पीक) उगवून आली होती, हिरवीगार. माझी अर्धी खुडायची राहिली होती आणि मी इथे खिडकीशी बसून धूळ खात होते.

"आजी, नागपूरची गाडी याच्याहून मोठी राह्यते का?" कौशीने विचारलं.

"गाडी कुठचीबी गाडीच. खिडकी लाव."

"मी आली पहिल्या दोघींत तं तूच येशील ना सोबत?"

"आधी तुमसर तं येऊ दे."

खरं सांगायचं तर मी मनात म्हणत होते की ही पहिल्याच फेरीत हरली तर दुपारची गाडी सापडेल.

तुमसरच्या स्टँडवर एक बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. काळे, टोकदार, गरम. मी म्हटलं, "जुने तं नाईत?"

"खाऊन पाह्य ना माय. तळ्यातून सकाळीच काढले."

खाल्ले. पिठूळ आणि गोड होते. या प्रवासात कुरकुर करायला जागा नव्हती अशी ती एकच वस्तू. पदरात बांधून घेतले.

मास्तरांना तिथल्या शाळेचं मैदान माहीत होतं, म्हणून आम्ही मैदानावर गेलो. तिथे कोणी नाही. स्वच्छ ऊन पडलेलं, जमीन कोरडी, आणि बकऱ्या. एका सायकलवाल्याला विचारलं.

"सामने? थे तं गोदामात हायेत."

"मैदान मोकळं हाये ना," मी म्हटलं.

"बकऱ्यायले पाह्यजे ना बाई मैदान," असं म्हणून तो गेला.

पुढे चहा देणाऱ्याकडून कळलं ते असं. काही वर्षांमागे सामन्यांच्या दिवशी अवकाळी पाऊस आला. तेव्हा एका शेठने आपलं धानाचं गोदाम उघडून दिलं आणि सामने छताखाली उरकले. पाहुण्यांना सावली मिळाली, बसायला गाद्या मिळाल्या, चहा जवळ. पुढल्या वर्षी पाऊस नव्हता तरी गोदामच. त्याच्या पुढल्या वर्षीही गोदाम. आता कोणी मैदानाचं नाव काढत नाही.

गोदाम लांबलचक, वर टिनाचं छत, छताला कबुतरं. मधून लोखंडी खांबांच्या दोन रांगा. एका टोकाला भिंतभर धानाच्या पोत्यांची थप्पी, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. धान असलेली जागा, म्हणून सगळ्यांच्या चपला-बूट दाराबाहेर. तुमसरच्या एका मुलीकडे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, तेही काढायला लावले. ती फुरंगटून बसली होती. उंच उडीसाठी कोपऱ्यात तणस (भाताचा पेंढा) टाकली होती. मुलं उडी मारीत आणि तणशीतून शिंकत उठत. गोळा मात्र बाहेर अंगणात फेकायचा, कारण आदल्या साली आतली फरशी फुटली. म्हणजे फरशीला जपायचं कळत होतं. भोंग्यातून एक गुरुजी बोलत होते. टिनाखाली आवाज असा घुमत होता की त्यांचं त्यांना तरी कळत होतं की नाही कोण जाणे.

शेठ आले. त्यांनी थप्पीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, हात जोडले. आम्ही सगळ्यांनी जोडले. हे झालं ते योग्य झालं.

मग पंच उठले आणि त्यांनी मुलींना नियम सांगितला. गोदाम पडतं आखूड. म्हणून दारापासून थप्पीपर्यंत धावायचं, वळून दाराशी यायचं, आणि हेच पुन्हा एकदा. थप्पीपुढे वीतभरावर चुन्याची रेघ होती. प्रत्येक वेळी रेघेपलीकडे पाऊल पडलंच पाहिजे, नाहीतर बाद. आता धावत आलेल्या पोरीचं पाऊल वीतभर जागेत कसं थांबणार? ते पोत्यालाच लागणार. आत्ता कुंकू लावलेल्या पोत्याला.

मी मास्तरांना म्हटलं, "हे पूजा करून लाता मारणं झालं."

"आजीबाई, नियम आहे," मास्तर म्हणाले.

मुलींचे दोन गट पाडले होते, एकेका गटाची एकेक फेरी. कौशी पहिल्या फेरीत. ती सुटली आणि दोन खांबांतच बाकीच्यांच्या पुढे गेली. मला धावण्यातलं कळत नाही, पण पुढे कोण आणि मागे कोण एवढं दिसतं. थप्पीशी पोचली, पाय पोत्यावर बसला, आणि पोरगी थांबली. उभी राहिली, दोन्ही हात पोत्याला लावले, कपाळाला लावले, आणि मग वळली. तेवढ्यात तिघी पुढे. पुन्हा तिने सगळ्यांना गाठलं, पुन्हा थप्पी, पुन्हा दोन्ही हात. कशीबशी दुसरी आली. शेवटच्या शर्यतीत दोन्ही फेऱ्यांतल्या दोन-दोन मुली घ्यायच्या होत्या, म्हणून निभावलं.

लोक हसत होते. मला हसू येत नव्हतं. ती लहान असताना सुपातल्या धानाला पाय लागला आणि तिने एका हाताने उगीच नमस्कार केल्यासारखं केलं, तेव्हा मी पाठीत धपाटा घातला होता, दोन्ही हातांनी कर म्हणून. तो धपाटा इथे तुमसरच्या गोदामात उभा राहिला होता.

दुसऱ्या फेरीत चिखल्याची एक मुलगी होती, लता. बाप खाणीत उतरणारा, मुलगी काटकुळी, पायांत वारा भरलेला. तीही थप्पीशी अडखळली. एकच हात लावला, पण लावला. आमच्या फेरीत पहिली आलेल्या सिहोऱ्याच्या मुलीनेही एक हात लावला होता. लावला नाही तो तुमसरच्या बूटवालीने. ती सरळ पहिली आली, लता दुसरी.

मास्तर कौशीवर ओरडत होते. "पाया पडाले आली का धावाले आली?"

"पाय लागला ना सर," ती म्हणाली.

"मंग लागू दे."

"लागू कसा देऊ?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी ठरवतो तरी हात जाते."

मी मास्तरांना बाजूला केलं. "कौशे, तू धाव. पाया तुह्या वाटच्या मी पडतो. थप्पीपाशी उभी राह्यतो. तुहा पाय लागला का मी हात लावतो. झालं?"

तिने जरा विचार केला. "दोन्ही हातानं?"

"दोन्ही."

मी थप्पीच्या कडेला जाऊन उभी राहिले. पंच धावत आले. "ओ बाई, तुम्ही इथं कायले उभ्या?"

"पाया पडाले."

"इथं उभं राहता येत नाही."

"रेघेवर नाई ना मी. पोत्याले टेकून हाये."

त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठने नुकताच नारळ फोडलेला, ते काय बोलणार? त्यांनी हात हलवला, राहू द्या म्हणून.

तेवढ्यात ती चिखल्याची लता माझ्याजवळ आली. "आजी, माह्याबी वाटचं करशील का?"

मागे सिहोऱ्याची होती, तिनेही मान हलवली. मी हो म्हटलं. काय म्हणणार? आणि सगळ्यांत शेवटी ती बूटवाली आली. इकडे तिकडे पाहत हळूच म्हणाली, "माझंही करा. असू द्या." मी तिलाही हो म्हटलं.

शिट्टी वाजली. चौघी आल्या. पहिलं पाऊल धपकन लागलं, मी वाकले, हात लावले, कपाळाला नेले. दुसरं लागलं, वाकले. तिसरं, चौथं. कंबर माझी कोणी नवी आणून दिलेली नव्हती. सरळ होते न होते तोच दुसऱ्यांदा आल्या. पुन्हा धप, पुन्हा वाकणं. शेवटी सिहोऱ्याची राहिली होती, ती दमलेली, तिचं पाऊल येईपर्यंत थांबले, तिच्या वाटचं केलं. मग मान वर केली तर तिकडे दाराशी सगळं संपलेलं. ज्या शर्यतीसाठी मी लाखोळी सोडून आले ती मी पाहिलीच नाही.

"कोण आलं?" मी एका माणसाला विचारलं.

"चिखल्याची पह्यली. तुमसरची दुसरी. आणि हे तुमची तिसरी. हातभरानं गेली, बाई."

कौशी खांबाला धरून धापा टाकत होती. माझ्याकडे पाहत नव्हती. लता मात्र धावत आली आणि माझ्या पाया पडली. दोन्ही हातांनी. मी म्हटलं, "जा, नागपूरले नीट जा."

दुपारची गाडी सापडली. जी सापडावी म्हणून सकाळी मनात म्हटलं होतं तीच. मास्तर पुढे बसले, आम्ही मागे. बंड्या आता रिकाम्या परतत होत्या आणि तरीही रस्ता देत नव्हत्या. मी पदर सोडून शिंगाडे पुढे केले. तिने घेतले नाहीत. सिहोरा मागे पडलं तेव्हा ती बोलली.

"काहून हो म्हटलं तिले?"

"कोणाले?"

"चिखल्यावालीले. थे थांबली असती. एक हात तं लावलाच असता तिनं."

"लावला असता."

"मंग मी दुसरी आली असती."

"आली असती."

"मंग?"

"मंग काय? तिचा पाय लागला तं थे धान नसते का?"

ती खिडकीकडे वळली. थोड्या वेळाने तिने एक शिंगाडा घेतला, सोलला आणि अर्धा मला दिला.

घरी पोचलो तेव्हा ओसरीत आमचीच पोती रचलेली होती. तिचा बाप विचारत होता, काय झालं, काय झालं. ती सरळ आत जायला निघाली आणि तिचा पाय कडेच्या पोत्याला लागला. ती थांबली. हात खालीच ठेवले आणि माझ्याकडे पाहत राहिली.

"आजी, पड."

सगळ्यांसमोर मला वाकावं लागलं.

या गोष्टीला आता वर्षं झाली. तुमसरचे सामने अजून त्या गोदामातच होतात म्हणे, आणि मैदानात अजून बकऱ्या. मी पुन्हा गेले नाही. धावायचं असेल त्याने उघड्यावर धावावं, धानाला धानाच्या जागी राहू द्यावं, एवढं माझं मत आहे, पण मला विचारतो कोण? लताला मात्र आजही मी हो म्हटलं असतं. कौशीला तेही माहीत आहे.

तिला गोंदियाकडे दिली. नागपूर तिने लग्नानंतर पाहिलं. काही खास नाही म्हणाली. धान घरात आलं की ती माहेरी येते. आली की ओसरीत जाऊन मुद्दाम एका पोत्याला पायाचा अंगठा लावते आणि माझी वाट पाहत उभी राहते. मी कुरकुरत उठते, वाकते. ती वरून बघत असते, आणि एखादा हात कमी पडला तर म्हणते, "दोन्ही हातानं, आजी."