सुई दोन खाचा सैल

कोपरीतले नाथाभाऊ भोईर वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. वडिलांचं आयुष्य मिठागरावर गेलं. नाथाभाऊंनी मीठ सोडलं, पण पाण्याचा नाद सुटला नाही. निवृत्त झाल्यावर ते मॉडेल बोटी बनवू लागले. रिमोटने वळवता येणारी, हातभर लांबीची फायबरची बोट आणि तिच्या पोटात मिथेनॉल-एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारं, लिंबाएवढं इंजिन. बोटीचं अंग विकत आणलेलं चालायचं, पण टाकीपासून इंजिनापर्यंतची इंधनाची नळी ते स्वतःच जोडायचे. इंजिनाला किती इंधन मिळणार ते एका बारीक सुईवर ठरतं. सुई आत फिरवली की इंधन कमी, बाहेर काढली की जास्त. एका खाचेने चुकलं तरी इंजिन एक तर गुदमरतं, नाही तर तापून बंद पडतं.

आधी ते बोटी तळ्यावर चालवायचे. तिथे फिरायला येणाऱ्यांनी आवाजाची तक्रार केल्यापासून ते रविवारी सकाळी खाडीकडच्या जुन्या मिठागराच्या बांधावर जायचे. दोन वर्षांपूर्वी छातीत स्टेंट बसला, तेव्हापासून त्यांची बायको गोदा सोबत असायची. बोट मध्येच बंद पडली तर ओढून आणायला मासे धरायच्या गळाच्या बारीक दोऱ्याचं, तंगुसाचं रीळ आणि नायलॉनची लांब दोरी ते बाळगायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते बांधावर पोहोचले तेव्हा समोरून हाक आली. दीडशे फूट रुंद पाण्यापलीकडे, गाळात, ठमाबाई उभी होती. ती त्यांच्याच आळीतली, पन्नाशीची, रोज एकटी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडायला जाणारी. मागच्या वर्षी खाडीतून उपसलेला गाळ त्या बाजूला टाकला होता. वरून तो सुकलेला दिसायचा, आत नुसतं पिठलं. ठमाबाई मांड्यांपर्यंत रुतली होती आणि भरती लागली होती. पाणी तिच्या कमरेला टेकलं होतं.

"पाय नाय निंगत," ती ओरडली. "दोन्ही नाय निंगत."

गोदाने फायर ब्रिगेडला फोन लावला. गाडी निघाली, पण बांधापर्यंत रस्ता नव्हता. शेवटचा पाऊण किलोमीटर त्यांना चालतच यावं लागणार होतं. नाथाभाऊ चपला काढून पाण्यात उतरायला निघाले, तसा गोदाने त्यांचा दंड धरला. पोहून पोहोचले असते तरी तेही त्याच गाळात रुतले असते, हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी दगडाला तंगुस बांधून भिरकावला. तो साठ फुटांवरच पडला. दुसराही तिथेच.

"बोट न्या ना तुमची," गोदा म्हणाली.

आपल्याला हे सुचलं नाही याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी बोटीच्या मागच्या कडीला तंगुसाचं टोक बांधलं, इंजिन चालू केलं आणि बोट पाण्यावर सोडली. गोदा रीळ मोकळं सोडत होती. सत्तर फूट बोट सरळ गेली. मग इंजिनाचा आवाज चढत चढत बारीक झाला, किंचाळल्यासारखा, आणि एकदम थांबला.

तंगुस ओढून बोट परत आणेपर्यंत पाणी ठमाबाईच्या बरगड्यांपर्यंत आलं. आता ती ओरडत नव्हती. दोन्ही हात वर धरून ती नुसती त्यांच्याकडे बघत होती.

नाथाभाऊंनी झाकण काढलं. पारदर्शक नळीत इंधनाबरोबर बारीक बुडबुडे सरकत होते. म्हणजे नळी कुठून तरी हवा ओढत होती. त्यांनी ती बोटांनी चाचपली. मध्ये बसवलेल्या इंधनाच्या गाळणीच्या तोंडाशी नळी घासून चिरली होती. तेवढा तुकडा त्यांनी पात्याने कापला, तर नळी आखूड पडली.

"दुसरी नाही?" गोदाने विचारलं.

"घरी आहे."

गाळणी काढून टाकली तर नळी थेट सुईपर्यंत पोहोचत होती. पण मग टाकीतला एखादा कण सुईत अडकला असता, आणि बोट पुन्हा बंद पडली असती. त्यांनी तसं गोदाला सांगितलं.

"आणि नाही काढली तर?" ती म्हणाली.

त्यांनी गाळणी काढली. नळी सुईच्या तोंडावर बसेना. तिसऱ्यांदा बसली. तंगुस ओढायचा भार इंजिनावर होता, म्हणून जास्त इंधन मिळावं यासाठी सुई दोन खाचा सैल केली. इंजिन जाड आवाजात, धूर ओकत सुरू झालं.

या खेपेला बोट हळू गेली. अर्ध्यावर ती एकदा अडखळली. आवाज पुन्हा लागला. आता दुसरी भीती होती. बोटीचा पंखा ठमाबाईच्या हाताला लागला असता तर बोटं गेली असती. वीस फूट उरले तेव्हा त्यांनी रिमोटने इंजिन बंद केलं. बोट वाहत पुढे गेली, पण भरतीच्या ओढीने वळली आणि ठमाबाईच्या बाजूने निसटू लागली. पाणी तिच्या काखांना लागलं होतं. बिळातून चिंबोऱ्या ओढायची लोखंडी आकडी अजून तिच्या हातात होती. ती तिने पाण्यावर मारली. एकदा चुकली. दुसऱ्यांदा तंगुस आकडीत आला.

पुढचं काम ताकदीचं होतं. तंगुसाच्या आपल्याकडच्या टोकाला नाथाभाऊंनी दोरी बांधली, दोरीला बांधावरची एक जुनी फळी आणि दोन रिकामे कॅन. ठमाबाईने ते सगळं ओढून घेतलं, दोरी काखेतून बांधली आणि फळीवर छाती टाकली. एकेक पाय हलवत गाळात पाणी शिरू द्यायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. नाथाभाऊ आणि गोदा ओढत राहिले. तळहात सोलले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग दोरी अचानक सैल पडली आणि दोघं मागे कोसळले. ठमाबाई फळीवर आडवी तरंगत होती. फायर ब्रिगेडचे तिघं धावत आले तेव्हा ती अर्धं पाणी ओलांडून आली होती. त्यांनी तिला बांधावर घेतलं. नाथाभाऊंच्या जिभेखाली गोदाने गोळी ठेवली.

आठ दिवसांनी ठमाबाई नाथाभाऊंच्या घरी आली. पायांवर अजून सूज होती. नाथाभाऊंनी तिला जे सांगितलं, ते गोदालाही माहीत नव्हतं. तो चढा, बारीक आवाज त्यांनी आधीच्या रविवारीही ऐकला होता. नळी बदलायला हवी हे कळलं होतं. पुढच्या वेळी बघू म्हणून त्यांनी बोट तशीच ठेवली होती.

ठमाबाईने ऐकून घेतलं. नळीचं तिला फारसं कळलं नसावं. "ती बोट मागं नेऊन परत आणलीत, त्याला किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"आठ-नऊ मिनिटं."

"मना वाटला तास झाला," ती म्हणाली. गोदाने चहा आणला, तो तिघांनी प्यायला.

ठमाबाई आता पुन्हा खाडीत जाते, पण एकटी जात नाही. नाथाभाऊंनी सगळ्या बोटींच्या नळ्या काढून नव्या घातल्या. तिच्याकडे गेलेल्या बोटीच्या इंजिनात खारं पाणी शिरलं होतं; ते उघडून साफ करायला त्यांना पावणेदोन महिने लागले. घाई कसलीच नव्हती.